जुन्या टीव्ही गेमला यूएसबी कंट्रोलर जोडताना

कोल्हापूरच्या पेठांमध्ये १९९०च्या दशकात घरोघरी आलेले कॅसेटवाले टीव्ही गेम अजूनही अनेकांच्या माळ्यावर पडून आहेत. त्यांतले बरेचसे म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला. यंत्र बहुधा ठीक असते. जातो तो ‘रिमोट’ म्हणजे हातातला कंट्रोलर, कारण बटणाखालच्या रबरावरचा कार्बनचा थर झिजतो. अशा वेळी नव्या यूएसबी कंट्रोलरची वायर कापून ती जुन्या ९ पिनांच्या कनेक्टरला जोडण्याचा मोह होतो. उद्यमनगरात दोन वेगळ्या मापांचे पाईप जोडणारा रिड्युसर लेथवर काढून मिळतो, तसे हे काम सोपे नाही.

मूळ फॅमिकॉमच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ क्रमांकाची एक साधी चिप असते. नकलांमध्ये तेच काम काळ्या एपॉक्सीच्या ठिपक्याखाली दडलेले असते. यंत्राने ‘लॅच’च्या तारेवर इशारा दिला, की त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिपमध्ये गोठते. मग ‘क्लॉक’च्या प्रत्येक ठोक्याला ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या ठरलेल्या क्रमाने एकेका बटणाची खबर ‘डेटा’च्या तारेवर येते. सगळा कारभार विजेच्या दाबाचा. भाषा अशी नाहीच.

यूएसबीचे तंत्र निराळे आहे. १९९६ साली आलेल्या या मानकात कंट्रोलर स्वतःहून काहीही बोलत नाही. होस्टने, म्हणजे ज्याला तो जोडला त्या यंत्राने, आधी त्याची ओळख विचारावी, तो कोणत्या प्रकारची माहिती देतो हे समजून घ्यावे आणि नंतर ठरावीक अंतराने विचारणा करत राहावे, अशी त्याची अपेक्षा असते. फॅमिकॉमला यातले काहीच येत नाही. म्हणून मध्ये अडॅप्टर म्हणून एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी छोटी संगणक-चिप, बसवावा लागतो, जो एका बाजूला होस्ट होतो आणि दुसऱ्या बाजूला ४०२१ चिपचे सोंग घेतो.

खरी कसोटी वेळेची आहे. पाल या जुन्या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीवर गेमचे चित्र २० मिलिसेकंदांनी बदलते आणि बहुतेक गेम दर चित्राला कंट्रोलर वाचतात. मात्र त्या वाचनातले ठोके काही मायक्रोसेकंदांचे असतात आणि यंत्र कोणासाठी थांबत नाही. लॅच आल्यावर यूएसबीकडे विचारणा करायला जाणारा अडॅप्टर तिथेच हुकतो. म्हणून ताजी स्थिती कायम तयार ठेवायची आणि यूएसबीची विचारणा स्वतंत्रपणे चालू ठेवायची. २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड यासाठी सोयीचा पडतो, कारण पिनांचे असे काटेकोर काम त्यातली पीआयओ ही स्वतंत्र यंत्रणा मुख्य प्रोसेसरला न अडवता करते.

एक गंमत मात्र सहज नजरेतून सुटते. जुन्या दिशाबटणाची घडणच अशी, की डावे-उजवे एकदम दाबले जात नाही. नव्या कंट्रोलरवर स्टिक डावीकडे आणि दिशाबटण उजवीकडे असे सहज होते. हे एकत्र पोहोचले, तर काही गेममध्ये पात्र भलत्याच वेगाने सुटते. तेव्हा विरुद्ध दिशा एकदम आल्या, तर दोन्ही रद्द करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये हवी.

विजेची काळजी वेगळीच. जुने यंत्र ५ व्होल्टवर चालते, पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मध्ये लेव्हल शिफ्टर, म्हणजे एका व्होल्टेजचा इशारा दुसऱ्यात बदलणारा भाग, नसेल तर पिको जळू शकतो. थरथरणाऱ्या मोटरी असलेल्या कंट्रोलरला वीज मोबाईलच्या चार्जरवरून द्यावी आणि ग्राउंडची (शून्य व्होल्टची) तार तेवढी सामायिक ठेवावी. नकली यंत्रांतल्या तारांच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नये. प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासूनच सोल्डरचा डाग द्यावा.