सुक्कोथ आणि कोजागरी: कधी एकाच रात्री, कधी महिन्याच्या अंतराने

६ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याकडे कोजागरीचं दूध आटत होतं, त्याच संध्याकाळी ज्यूंचा सुक्कोथ सुरू झाला. पिकं घरात आल्यावर फांद्यांनी शाकारलेल्या मांडवात सात दिवस साजरा होणारा हा सण. रायगड-ठाण्यातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांचीही कालगणना तीच. २०२४ मध्येही हे दोन सण एकाच रात्री, १६ ऑक्टोबरला आले. २०२३ मध्ये मात्र सुक्कोथ २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला आणि कोजागरी थेट २८ ऑक्टोबरला!

'हा सण दरवर्षी तारीख बदलतो' असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात तो कायम ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या १५ तारखेला, पौर्णिमेच्या आसपास असतो. मग महिनाभराचं अंतर कुठून आलं? अधिक महिन्यातून.

बारा चांद्रमासांचं वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. हा फरक साठू दिला, तर सुगीचा सण उन्हाळ्यात जाईल. म्हणून ज्यू पंचांग १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतं: चक्रातल्या ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ व्या वर्षी, आणि तेही कायम वसंताच्या तोंडावर, अदार महिन्यात. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, म्हणजे सूर्य नव्या राशीत जात नाही, तो अधिक. २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण जुलै-ऑगस्टमध्येच येऊन गेला आणि कोजागरी पुढे ढकलली गेली. त्यांचा अधिक अदार आला २०२४ च्या फेब्रुवारीत, सुक्कोथ होऊन गेल्यावर. त्यानंतर दोन्ही पंचांगं पुन्हा जुळली. २०२६ मध्ये पुन्हा महिनाभराचं अंतर: आपला अधिक ज्येष्ठ आधी, त्यांचा अधिक महिना नंतर, त्यामुळे सुक्कोथ २५ सप्टेंबरच्या संध्याकाळीच.

या गणिताचा बारकावा थक्क करणारा आहे. तासाचे १०८० भाग केले, तर एक चांद्रमास २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा धरतात. ७९३ भाग म्हणजे ४४ मिनिटं आणि सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त. आजच्या मोजणीशी फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा! या सरासरी अमावास्येवरून १ तिश्री ठरते. पण ती रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ देत नाहीत, नाहीतर १० तिश्रीचा उपवास शब्बाथला (ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला) खेटून येतो, किंवा सुक्कोथचा सातवा दिवस शब्बाथलाच पडतो. १५ तिश्रीचा वार १ तिश्रीचाच असल्याने सुक्कोथचा पहिला दिवसही या तीन वारी कधीच येत नाही.

२०१४-१५ मध्ये लागोपाठ चार खग्रास चंद्रग्रहणं वल्हांडण (ज्यूंचा वसंतातला सण) आणि सुक्कोथला आली, तेव्हा अमेरिकेतल्या काही धर्मोपदेशकांनी जगबुडीची आवई उठवली. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं, हे दोन्ही सण पौर्णिमेचे, आणि त्यांच्यात सहा चांद्रमासांचं अंतर. ग्रहणंही बहुधा तेवढ्याच अंतराने येतात. यात भाकीत कसलं?

खरी गडबड वेगळीच आणि फार संथ आहे. या पंचांगाची १९ वर्षं सूर्याच्या १९ वर्षांपेक्षा सुमारे दोन तासांनी मोठी भरतात. त्यामुळे दर दोनशे-सव्वादोनशे वर्षांत सुक्कोथ ऋतूच्या मानाने एक दिवस पुढे सरकतो.