पौषातले ढग आणि गच्चीवरची दुर्बीण

मार्गशीर्ष-पौषात सोलापूर जिल्ह्यावर ढग आले की आधी झोप उडते ती द्राक्षबागायतदाराची. घडांवर भुरी येईल, हरभऱ्यात घाटेअळी शिरेल, ज्वारीवर मावा पडेल, अशा चिंता सुरू होतात आणि फवारणीचे पंप बाहेर निघतात. त्याच संध्याकाळी कुरकुरणारा आणखी एक लहानसा वर्ग आहे. तो म्हणजे गच्चीवर दुर्बीण मांडून बसणाऱ्या हौशी मंडळींचा. त्यांचं पीक बुडत नाही, पण तोंड तेवढंच पडतं. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद असणार हे त्यांनी मान्यच केलेलं असतं. घोडेगावजवळच्या गिरवलीतली आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीणसुद्धा पावसाळ्यात मिटलेली असते. सगळी भिस्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीवर, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं तर फसवल्यासारखं वाटतं.

माझं मत थोडं वेगळं आहे. ‘आज ढग आहेत’ हे वाक्य निरीक्षकाच्या काही कामाचं नाही. ढग कोणता, किती उंचीवरचा, कुठून आलेला, हे कळलं तर अशा रात्रींपैकी बऱ्याच वाचवता येतात. त्यातल्या काही तर स्वच्छ रात्रींपेक्षा सरस निघतात.

सोलापूरच्या हिवाळी आकाशात ढग मुख्यतः दोन वाटांनी येतात. पहिली वाट बंगालच्या उपसागराची. ५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळ आंध्रातल्या बापटलाजवळ किनाऱ्यावर चढलं, त्याच्या पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळ. अशी वादळं तिकडे आदळतात, पण त्यांनी ओढून आणलेला दमटपणा दख्खनवर पसरतो. हे ढग बुटके आणि जाड असतात आणि आग्नेयेकडून सरकत येतात. दुसरी वाट वायव्येची. हिमालयात बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ उत्तरेतून जातात. त्यांचा दक्षिणेकडचा पदर कधीकधी आपल्यापर्यंत पोचतो आणि आठ-दहा किलोमीटर उंचीवर बर्फकणांचे पातळ तंतुमेघ पसरतात. पहिल्या प्रकारच्या ढगांपुढे दुर्बिणीचं काही चालत नाही. दुसऱ्याशी वाटाघाटी करता येतात.

उपग्रहाची चित्रं बघून रात्रीचा बेत ठरवणाऱ्यांसाठी इथे एक सावधगिरी. इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची रात्रीची चित्रं अवरक्त किरणांमधली असतात, म्हणजे ती उजेड दाखवत नाहीत, तापमान दाखवतात. थंडगार उंच ढग पांढरेशुभ्र उमटतात. दीड-दोन किलोमीटरवरचा बुटका ढग जवळजवळ जमिनीइतकाच उबदार असतो, त्यामुळे तो करड्या रंगात मिसळून जातो. परिणाम असा की चित्रात सोलापूर मोकळं दिसतं आणि डोक्यावर एक तारा नसतो. उलट चित्रात पांढरी झालर दिसते म्हणून लोक दुर्बीण काढत नाहीत, आणि बाहेर चंद्र-गुरू झकास दिसत असतात. एकाच चित्रावर विसंबू नये. मागच्या दोन-तीन तासांची चित्रं ओळीने बघावीत आणि झालर कुठल्या दिशेने सरकते आहे ते पाहावं. गच्चीवरचा साधा उपाय म्हणजे अगस्त्य हा ठळक तारा. जानेवारीच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर असतो. उपसागराकडचे ढग यायला लागले की बहुधा आधी तोच गडप होतो.

आता त्या पातळ पडद्याकडे येऊ. दुर्बिणीतून ग्रह कसा दिसणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, हवा किती पारदर्शक आहे. दोन, ती किती स्थिर आहे. नवखा माणूस पहिलीच गोष्ट बघतो: खच्चून तारे दिसले की रात्र चांगली. पण ग्रहांसाठी दुसरी जास्त महत्त्वाची. वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे थर एकमेकांत मिसळतात तेव्हा त्यांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वाकडा होतो. हौदाच्या तळाशी पडलेलं नाणं हलत्या पाण्यातून दिसावं तसा गुरू थरथरतो, आणि त्याच्यावरचे पट्टे पुसट होतात. गंमत अशी की हे दोन गुण बऱ्याचदा एकत्र नांदत नाहीत. उत्तरेकडून कोरडा वारा आला की आकाश काचेसारखं होतं आणि व्याध निळा-लाल-हिरवा लुकलुकतो. बघायला सुंदर, पण दुर्बिणीला वाईट. हवा जड, धुरकट, किंचित ढगाळ असते, तेव्हा तोच व्याध शांत असतो आणि त्या रात्री गुरूचे पट्टे कोरल्यासारखे दिसू शकतात.

याला आणखी एक कारण आपल्या दुर्बिणीच्या नळीतच आहे. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी पारा तीसपर्यंत जातो आणि पहाटे पंधराच्या आसपास उतरतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता थेट अवकाशाकडे सोडते, म्हणून हवा भराभर गार होत जाते. हौशी लोकांच्या सहा-आठ इंची डॉब्सोनियनचा, म्हणजे साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीचा, जाड काचेचा आरसा मात्र सावकाश निवतो. रात्रभर तो हवेपेक्षा थोडा गरमच राहतो, त्याच्यावरून उष्ण हवेचे झोत उठतात आणि प्रतिमा बिघडवतात. वर ढग असेल तर जमिनीची काही उष्णता तो खाली परत धाडतो. पारा कमी उतरतो आणि आरसा हवेशी बरोबरी साधतो. दव न पडण्याचं कारणही हेच. नन्नजकडच्या शेतात स्वच्छ रात्री बारा वाजले की मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीची काच दवाने आंधळी होते. ढगाळ रात्री ती कोरडी ठणठणीत राहते.

सगळेच उंच ढग असे गुणी नसतात. तंतुमेघांचे लांब पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे पळताना दिसले, तर समजावं की वर जोराचा वारा आहे. अशा रात्री ग्रह पाण्यात पोहतात, तेव्हा जास्त वर्धनाचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बॅगेतून काढूच नये. पडदा सारखा, दुधी आणि जागच्या जागी असला तर मात्र खाली येऊ नये.

अशा पडद्यातून बघायचं काय? तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, सोडून द्या. मृगातला तो प्रसिद्ध तेजोमेघ मुळातच फिका आणि पसरलेला आहे. पातळ ढगाने त्याचा उजेड निम्मा केला की मागच्या आकाशाशी असलेला फरकच संपतो. चंद्र, गुरू आणि शनी यांचं तसं नाही. त्यांच्याजवळ उधळायला उजेड भरपूर असतो. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तर डोळे दिपवतो, तिथे पातळ ढग फुकटच्या फिल्टरचं काम करतो. गुरू सध्याच्या वर्षांत सोलापूरकरांवर मेहेरबान आहे. १० जानेवारी २०२६ ची त्याची प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणं, मिथुन राशीतली, आणि १७.७ अक्षांशावरून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. म्हणजे त्याचा प्रकाश हवेच्या सगळ्यांत पातळ थरातून येतो. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला दहा मिलिमीटरचा आयपीस लावला की १२० पट वर्धन होतं. एवढ्यात दोन पट्टे आणि चार चंद्र तर दिसतातच, एखाद्या चंद्राची सावलीही गुरूवर टिपता येते. जोडताऱ्यांनाही ढगांचं फारसं वावडं नसतं. पुनर्वसूतला कॅस्टर साध्या डोळ्यांना एक दिसतो. स्थिर रात्री दुर्बिणीत त्याचे दोन शुभ्र ठिपके होतात. ते दोघे एकमेकांभोवती फिरतात, आणि एका फेरीला साडेचारशे वर्षांच्या आसपास लागतात.

दुर्बीण लावायचीच नसेल तर चंद्राभोवतालचं खळं बघा. खळं लांब तर पाऊस जवळ, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. हात लांब करून वीत ताणली तर साधारण वीस-बावीस अंश होतात. खळ्याची चंद्रापासूनची त्रिज्या नेमकी एवढी, म्हणजे २२ अंश असते. षटकोनी बर्फकणांच्या दोन बाजूंमध्ये साठ अंशांचा कोन असतो, आणि त्यांतून वाकणारा प्रकाश याच कोनाच्या आसपास गोळा होतो. म्हणून ते खळं कधी लहानमोठं होत नाही. चंद्राला चिकटून दिसणारी लालसर कडेची छोटी कडी ही वेगळी गोष्ट. ती पाण्याच्या थेंबांमुळे पडते आणि थेंब जितके बारीक तितकी रुंद होते. बर्फाचा उंच पडदा बऱ्याचदा मोठ्या हवामान-प्रणालीच्या पुढे चालतो, म्हणून म्हाताऱ्यांचा अंदाज पावसाळ्याच्या तोंडावर जमतो. जानेवारीत तो पडदा नुसताच येतो आणि निघून जातो.

ढगांच्या फटीतून काय साधतं याचं आपल्या भागातलं मोठं उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजापूरवरून गेला. विजापूरच्या पलीकडे पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण, लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ऐन पावसाळा, त्यामुळे ढग येत-जात होते आणि सूर्य मधूनच दिसत होता. मिळालेल्या फटीत त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात लाल, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा पाहिल्या. त्या ज्वाला वायूच्या आहेत याचा तो पुरावा होता. त्या दिवशी गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आणि इतर ठिकाणी इतर निरीक्षकही हेच बघत होते. नारिंगी-पिवळ्या भागातली रेषा सोडियमची नाही हे पुढे कळलं, आणि तिच्यामागच्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळालं. हर्शेलची सगळी मांडणी आधीपासून तयार होती, म्हणून ती फट कामी आली. आपल्यालाही तेच लागू. फट दहा मिनिटांची असेल तर आठ मिनिटं तिपाई जुळवण्यात घालवू नयेत. ढगाळ रात्री १०×५० चा बायनॉक्युलर गळ्यात असावा आणि दुर्बीण आधीच गुरूकडे रोखलेली असावी.

एका कामासाठी मात्र फटींवर भरवसा ठेवू नये. ते म्हणजे ताऱ्यांचं तेज जोखणं. २०१९ च्या अखेरीस मृगातला तांबूस तारा काक्षी मंदावायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत (तेजाचा आकडा, जो जितका मोठा तितका तारा मंद) १.६ पर्यंत घसरली. म्हणजे मृगाच्या चौकोनातला शेजारचा बेलाट्रिक्स आणि तो जवळजवळ सारखे झाले. एरवी काक्षी ०.५ च्या आसपास असतो. डोळ्यांना न जाणवणारा तंतुमेघ ताऱ्यावरून गेला तरी तेज घटतं. म्हणून अशा वेळी तारा एकटा बघायचा नाही. रोहिणी, प्रश्वा, बेलाट्रिक्स यांच्याशी ताडून बघायचा, आणि तेही शंभर टक्के मोकळ्या रात्री. काक्षीचं मंदावणं खरंच निघालं. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूतून धूळ तयार झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

शहराच्या गच्चीवरून बघणाऱ्याला जाड ढग दुहेरी मारतो. ढग खालचा उजेड परत खाली फेकतो. बर्लिनमध्ये केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात शहराच्या आत ढगाळ आकाश निरभ्र आकाशाच्या जवळपास दहापट उजळ भरलं होतं. सोलापुरात हे बघायचं तर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत बघावं. होम मैदानावरची रोषणाई ढगाला तांबूस करून सोडते. पण शहरापासून दूर, मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या शिवारात तोच ढग काळाकुट्ट असतो, कारण त्याला उजळायला खाली काही नसतं. हुरड्याच्या निमित्ताने गेलात तर मान वर करून खात्री करून घ्या.

आणि सगळंच झाकलं गेलं तर? घरात बसून आरशांची जुळणी तपासा. आरसा पुसत मात्र बसू नका, पुसल्याने जेवढे ओरखडे पडतात तेवढं नुकसान वर्षभराची धूळ करत नाही. शेजारच्या काकू विचारतातच, “आज काय दिसतंय का ओ?” त्यांना रेडिओ ऐकवता येईल. ढगातले थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. दृश्य प्रकाशाची लहर त्याहूनही बारीक, म्हणून तो त्या थेंबांवरून विखुरतो. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना ते थेंब जाणवतही नाहीत. म्हणूनच नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना ढगाखालीही काम करत राहतात.

आपल्याला तेवढं अवजड काही लागत नाही. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतल्या उल्कावर्षावाचा जोर असतो. १९८३ साली सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाने मागे सोडलेली ती खडी आहे. प्रत्येक उल्का शंभरेक किलोमीटर उंचीवर क्षणभर विद्युतभारित हवेची रेघ ओढते, आणि त्या रेघेवरून एफएमच्या लहरी परावर्तित होतात. काट्याने फिरवायचा जुना रेडिओ घ्या, कारण डिजिटल संच रिकाम्या जागी आवाजच बंद करतात. जिथे सोलापूरचं किंवा आसपासचं कुठलंही केंद्र लागत नाही, नुसती खरखर ऐकू येते, अशा जागी काटा ठेवा. एरियल पूर्ण वर काढा आणि थांबा. मध्येच सेकंदभर किंवा त्याहून कमी वेळ दूरच्या कुठल्यातरी शहरातलं गाणं किंवा निवेदकाचा एखादा शब्द स्पष्ट उमटतो आणि जातो. हजारएक किलोमीटरवरचं ते केंद्र एका उल्केने तुमच्यापर्यंत आणलेलं असतं. मध्यरात्रीनंतर मिथुन रास डोक्यावर असते, तेव्हा उल्काही जास्त पडतात आणि आसपासचे रेडिओगोंधळही कमी असतात. वहीत दर पंधरा मिनिटांचे ठोके मोजून ठेवले, तर पहाटेपर्यंत वर्षावाचा चढउतार कागदावर येतो.