पोटरीतला गोळा आणि व्हिटॅमिनची गोळी

रात्री अडीच-तीनच्या सुमाराला पोटरीत गोळा येतो, पायाची बोटं आपोआप वळतात आणि माणूस कळवळत उठून बसतो. साठी ओलांडलेल्यांच्या घरात हे नवीन नाही. सकाळी दादर असो, गिरगाव असो की मुलुंड, कोपऱ्यावरचा केमिस्ट सांगतो, "काकू, मॅग्नेशियम घेऊन बघा, नाहीतर बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप देतो." काकू घेतात. दोन-तीन आठवड्यांत त्रास कमी होतो आणि मग शेजारच्या मावशींनाही तीच गोळी सुचवली जाते.

त्रास कमी झाला हे खरंच असतं. पण तो गोळीमुळे कमी झाला का?

इस्रायलमधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं आणि २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. रात्री गोळे येणाऱ्या ९४ जणांपैकी काहींना चार आठवडे रोज मॅग्नेशियम ऑक्साइड दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे गोळे आठवड्याला सरासरी ३.४१ने कमी झाले. नुसती गोळी घेणाऱ्यांचे ३.०३ने. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका किरकोळ आहे. म्हणजे बरं दोघांनाही वाटलं, आणि जवळपास सारखंच वाटलं.

असं का होतं? पोटरीत गोळे येण्याचा त्रास मुळात कमी-जास्त होत राहतो. आपण औषध सुरू करतो ते त्रास अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर तो आपसूक ओसरणारच असतो आणि श्रेय जातं त्या आठवड्यात पोटात गेलेल्या गोळीला. शिवाय उपचार सुरू झाल्याचा दिलासाही काम करतो. म्हणून 'मला फरक पडला' या अनुभवावर औषध ठरवू नये, असं मला कळकळीने वाटतं. वयस्क माणसांना येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, असाच निष्कर्ष अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यातही २०२० साली निघाला. गरोदरपणात येणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र निकाल उलटसुलट आहेत, तिथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तर मॅग्नेशियम मनाने घेऊच नये, कारण ते शरीरात साठून राहतं.

गोळा येतो तेव्हा आत काय घडतं हे समजलं की बरंच उलगडतं. स्नायू स्वतःहून आवळत नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येणारी चेतापेशी त्याला हुकूम देते. गोळ्यात ही चेतापेशी कोणी न सांगता भराभर हुकूम सोडत सुटते. तिला आवरायची सोयही शरीरात आहे. स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो त्या कंडरेत ताण मोजणारे संवेदक असतात. ताण वाढला की ते मज्जारज्जूला 'आता सोड' असा निरोप पाठवतात. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आधीच आखडलेली असते, त्यामुळे कंडरेवर ताण पडत नाही आणि हा निरोप क्षीण होतो. म्हणूनच गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढली की गोळा सुटतो. घरोघरी आजी हेच करायला सांगायच्या.

धावपटूंच्या गोळ्यांमागेही पाणी-मीठ कमी होण्यापेक्षा थकलेल्या स्नायूवरचं चेतातंत्राचं सुटलेलं नियंत्रण असावं, अशी मांडणी दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ साली केली. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर पोटरी धरून बसलेले धावपटू पाहिले की ही मांडणी पटते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात पायाच्या स्नायूत विजेच्या सौम्य झटक्याने गोळा आणला आणि काकडीच्या व्हिनेगरमधल्या लोणच्याचं पाणी प्यायला दिलं. गोळा सुमारे दीड मिनिटात गेला. साधं पाणी प्यायल्यावर सव्वादोन मिनिटं लागली. इतक्या कमी वेळात मीठ रक्तात मिसळून स्नायूपर्यंत पोचत नाही. घशाला लागलेल्या आंबट झणक्यामुळेच ती चेतापेशी शांत होत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आता व्हिटॅमिनं. बी-कॉम्प्लेक्सच्या बाजूने तैवानमधला १९९८ सालचा एक छोटा अभ्यास आहे: रक्तदाब असलेले २८ वयस्क रुग्ण, आणि गोळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना चांगला आराम. तेवढ्या आधारावर अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली 'विचार करायला हरकत नाही' एवढंच म्हटलं. बी-१२ची गोष्ट वेगळी आहे. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते खरोखर कमी पडतं, त्याने नसा दुखावतात, पाय बधिर होतात. त्यासाठी रक्ततपासणी करावी आणि कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण बी-६चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर त्यानेच नसांना इजा होते आणि पायाला मुंग्या येऊ लागतात.

व्हिटॅमिन डी फारच कमी झालं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, नसा चिडतात आणि हातापायांत पेटके येतात. एरवीच्या रात्रीच्या गोळ्यांवर मात्र डीचा उपयोग दिसलेला नाही. मुंबईत ऊन भरपूर, पण लोकल आणि ऑफिस यांत दिवस घालवणाऱ्याच्या अंगाला ते लागतं कुठे! कमतरता असलेली माणसं म्हणूनच खूप आहेत. डॉक्टरांनी आठवड्याला एक म्हणून लिहून दिलेलं ६०,००० युनिटचं पाकीट काहीजण मनानेच पुढे चालू ठेवतात, कधी रोज घेतात. असं केल्याने कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

सगळ्यात आशादायक बातमी व्हिटॅमिन के-२ची आहे. चीनमध्ये ६५ वर्षं आणि त्यावरच्या १९९ जणांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. रोज १८० मायक्रोग्रॅम के-२ घेणाऱ्यांचे आठवड्याचे गोळे सरासरी अडीचवरून एकाच्या खाली आले, नुसती गोळी घेणाऱ्यांचे उलट साडेतीनच्या वर गेले. आठ आठवड्यांची ही एकच चाचणी आहे, आणखी ठिकाणी हाच निकाल यायला हवा. आणि हृदयाची झडप बदललेल्या, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमेरॉल घेणाऱ्या माणसाने के-२ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ते त्या औषधाच्या थेट विरुद्ध काम करतं.

गोळीआधी करून बघण्यासारखी गोष्ट फुकट आहे. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले. त्यांचे गोळे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, इतकंच. दहा बाय दहाच्या खोलीतही जमतं.

तरी त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या स्ट्रिप्स सोबत न्या. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन्स, दम्याचं साल्ब्युटामॉल यांनीही गोळे येऊ शकतात. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, अशी तक्रार असेल तर धमन्या तपासाव्या लागतात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांच्या. एकच पाय सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि पावसाळ्यात हिंदमाता किंवा कुर्ल्याच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत आल्यावर काही दिवसांनी ताप येऊन पोटऱ्या ठणकू लागल्या तर तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार असू शकतो. तेव्हा केमिस्टकडे मॅग्नेशियम मागत वेळ घालवू नका, जवळच्या महापालिका दवाखान्यात जा आणि पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.