बालकल्याण सेवांचे खाजगीकरण : संशोधन व ठाणे-नवी मुंबईचा संदर्भ

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठीच्या सेवा (बालगृह, प्रतिपालकत्व, दत्तकविधान, पुनर्वसन) करार किंवा अनुदान देऊन बिगरशासकीय संस्थांकडे सोपविणे, यास बालकल्याण सेवांचे खाजगीकरण ही संज्ञा लावतात. बालकास कोठे ठेवावे हा निर्णय मात्र सोपविला जात नाही. तो बाल न्याय अधिनियमाखालील बालकल्याण समितीचाच असतो.

संज्ञेच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लेखनात सामान्यतः कॅन्सस राज्याचे 1996-97 मधील राज्यव्यापी कंत्राट आरंभबिंदू धरले जाते. न्यूयॉर्कमध्ये 1853 पासूनच्या खाजगी बालसाहाय्य कार्याकडे बोट दाखवून काहीजण ते नाकारतात. महाराष्ट्राला दुसरे मत अधिक लागू पडते. महात्मा फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह (1863) आणि प्रार्थना समाजाचे पंढरपूरचे गृह (1875) आधीचे. मुंबई बाल अधिनियम 1924 चा, व त्याखालील निमशासकीय चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 ची. येथे संस्था आधी आल्या, शासन मागाहून. ‘अनुदानित संस्था’ हा कचेरीतला शब्दच त्यामुळे नेमका ठरतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत नोंदलेल्या 9,589 संस्थांपैकी सुमारे 91 टक्के स्वयंसेवी संस्थांच्या होत्या. उलट प्रवासाचे उदाहरणही आहे : 1996 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून निघालेली 1098 ही संकटातील मुलांसाठीची दूरध्वनी सेवा 2023 पासून टप्प्याटप्प्याने शासनाकडे गेली.

संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात 2009 मध्ये पाच संस्थांशी करार झाले. 2012 पर्यंत एकच उरली. खर्चाचा अंदाज कमी धरून दर ठरविणे, हे तेथील अपयशाचे एक प्रमुख कारण सांगितले जाते. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मार्च 2022 मध्ये मोठ्या खाजगी बालगृहचालकांचा नफा अपेक्षेहून जास्त असल्याचे म्हटले.

हे निष्कर्ष ठाण्यात जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण पैशाची चाल वेगळी आहे. एका बालकामागे एकरकमी दर असेल, तर मूल घाईने घरी धाडण्याचा धोका असतो. दरडोई मासिक अनुदानात ते रोखून धरण्याचा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेतील परिपोषण दर बालकामागे दरमहा 3,000 रुपये. मान्य संख्या 50 असेल तर 1,50,000 रुपये. प्रत्यक्षात 32 मुले असल्यास 96,000. स्वयंपाकघर, रात्रीची काळजीवाहक आणि इमारतभाडे यांचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. अनुदान विलंबाने आले, की उधारी किराणा दुकानात साचते आणि प्रथम फळे-दूध कमी होते. म्हणून अभ्यासकाने हजेरीपट, समितीचे आदेश व किराणा-पावत्या एकत्र लावून पाहाव्यात; वार्षिक अहवाल पुरेसा नाही. तुलनेसाठी बालसंगोपन योजनेत (2023 पासून दरमहा 2,250 रुपये) मूल कुटुंबातच राहते.

देखरेखीचा प्रश्न याच पट्ट्यात तीव्रतेने पुढे आला. शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेतील कुपोषणाची मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्वतःहून दखल घेतली. पुढे कळंबोलीच्या संस्थेतील लैंगिक अत्याचार उघडकीस आले. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 नुसार नोंदणी सक्तीची आहे (मुदत 5 वर्षे), आणि कलम 54 नुसार किमान तीन सदस्यांच्या पथकाने, त्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असा, तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यावयाची असते. मुलांशी एकांतात न बोलता केवळ नोंदवह्या तपासणाऱ्या भेटीतून फारसे हाती लागत नाही.

आकडेवारी जुळविताना हद्द पाहावी. दिघा ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-कळंबोली रायगडात. नेरूळ स्थानकात सापडलेले मूल आणि पनवेल स्थानकात सापडलेले मूल वेगवेगळ्या समित्यांपुढे जाते. 1 ऑगस्ट 2014 पूर्वीच्या ठाण्याच्या आकड्यांत पालघरही मिसळलेले आहे.