रेड म्हणजे बॅकअप नव्हे
सर्व्हरमध्ये दोन हार्डडिस्क रेड-१ पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाईल अशा, जोडल्या की वेगळ्या बॅकअपची गरज उरत नाही, हा लहान पतसंस्थांपासून ग्रंथालयांपर्यंत पक्का बसलेला समज चुकीचा आहे. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंधात मांडलेली रेडची कल्पना डिस्क बिघडल्यावरही काम चालू राहावे यासाठी आहे. लिपिकाने चुकून सभासदांची नोंदवही पुसली, तर ती दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या घातक प्रोग्रामने, फाइलींना घातलेले कुलूपही दोन्हीकडे तितक्याच इमानाने उतरते. म्हणून रोज रात्री, जुन्या आवृत्त्या राखून, वेगळ्या यंत्रावर प्रत घ्यावी आणि आणखी एक प्रत यूएसबी डिस्कवर काढून, ती डिस्क सर्व्हरपासून सोडवून, इमारतीबाहेर ठेवावी. अधूनमधून त्यातली एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी; हेच नेमके राहून जाते.