प्रिमा डोना

प्रिमा डोना : ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाटक) मंडळीतील प्रमुख गायिका. १६३७ मध्ये व्हेनिसमध्ये तिकीट काढून जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले आणि चारपाच वर्षांतच आन्ना रेन्झी या गायिकेच्या नावावर तिथली तिकिटे खपू लागली. पोपच्या अमलाखालच्या रोममध्ये मात्र स्त्रियांना रंगमंचबंदी होती. तिथे नायिकांची कामे लहानपणीच खच्ची केलेले पुरुष गायक करीत. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या मराठी वाचकाला पुरुषाने नायिका होणे नवे नाही, पण रोममध्ये त्यासाठी शरीराची जी किंमत मोजली गेली तिला आपल्याकडे तोड नाही.

अठराव्या शतकात लंडनने दोन इटालियन गायिकांना एकाच मंडळीत आणले. ६ जून १७२७ रोजी बोनोन्चिनीच्या ऑपेराच्या वेळी फ्रान्चेस्का कुझ्झोनी आणि फाउस्तीना बोर्दोनी यांच्या चाहत्यांनी राजघराण्यातील प्रेक्षकांसमोर हुल्लड केली आणि प्रयोग बंद पडला. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या ही कथा नंतरच्या चोपड्यांनी रंगवलेली आहे. भांडले ते प्रेक्षक. पुढे फाउस्तीनाने संगीतकार हास्सेशी लग्न केले आणि ड्रेस्डेनच्या दरबारात ती मानाने गात राहिली. कुझ्झोनीला उतारवयात कर्जापायी लंडनमध्ये अटक झाली आणि बोलोन्यात ती दारिद्र्यात वारली.

या पेशाचे सारे गणित आवाजाच्या वयावर चालते. ध्वनिवर्धक नसताना साठ-सत्तर वादकांच्या पलीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो, आणि तोही दोन-तीन तास अभिनय करीत. स्त्रियांच्या आवाजाचे सोप्रानो (वरच्या पट्टीचा), मेझो-सोप्रानो (मधल्या) आणि काँट्राल्टो (खालच्या) असे मुख्य प्रकार. सोप्रानोमध्येही फिरत्या तानांचा हलका, भावपूर्ण मधला आणि भारदस्त असे भेद होतात. हलका आवाज विशीत रंगमंचावर येऊ शकतो. जर्मन संगीतकार वाग्नरच्या नायिकांना लागणारा भारदस्त आवाज पिकायला बहुधा तिशी उलटावी लागते. नॉर्वेची कर्स्टेन फ्लाग्स्टाड वीसेक वर्षे स्कँडिनेव्हियातच गात होती. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ३९ वर्षांची होती, आणि तिची जागतिक कीर्ती तिथून सुरू झाली.

घाई केली की आवाज बसतो. स्वीडनची येनी लिंड विशीतच इतकी गायली की १८४१ मध्ये पॅरिसला मान्वेल गार्सिया या गुरूकडे गेली तेव्हा आवाज जवळजवळ संपला होता. गार्सियाने तिला शिकवायला सुरुवात केली नाही. आधी काही आठवडे गाणे पूर्ण बंद, बोलणेही शक्य तितके कमी, असा पथ्याचा हुकूम सोडला. ती सावरली, युरोप गाजवला आणि १८४९ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, ऑपेराचा रंगमंच स्वतःहून सोडला. पुढच्या वर्षी बार्नम या अमेरिकन तमाशेवाल्याने दर मैफलीला १,००० डॉलरच्या बोलीवर तिला अमेरिकेत नेले.

पैशाच्या बाबतीत मात्र आदेलीना पात्तीचा (१८४३–१९१९) हात कोणी धरला नाही. तालमीला येणार नाही, हे तिच्या करारातच असे. अमेरिकेच्या दौऱ्यात एका प्रयोगाचे १,००० पौंड, तेही पडदा उघडण्याआधी रोख. व्यवस्थापक मॅपल्सनने सांगितलेली बॉस्टनची हकीकत प्रसिद्ध आहे : एकदा त्याच्या हाताशी ८०० पौंडच होते. पात्तीचा माणूस निरोप घेऊन आला की बाई वेशभूषा करून तयार आहेत, फक्त बूट घातलेले नाहीत. दरवाजे उघडून तिकिटांचे १६० पौंड आले तेव्हा एक बूट चढला; उरलेले ४० मिळाल्यावर दुसरा. मॅपल्सन गोष्टी फुगवून सांगणारा होता हे खरे. तरी एकेकाळी मालक ठरवील ती बिदागी घेणारी गायिका आता कुठवर पोहोचली होती, ते यातून कळते. हाच कोरडा हिशेब पात्तीने आवाजाच्या बाबतीतही ठेवला असावा. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये पदार्पण केलेली ही बाई १९०५ मध्ये, साठी उलटल्यावर, ध्वनिमुद्रिकांसाठी गायली.

मारिया कॅलासची (१९२३–७७) गोष्ट नेमकी उलटी. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला ती वाग्नरची ब्रुनहिल्ड गात होती. त्याच नाट्यगृहात बेल्लिनीच्या नाजूक तानांची नायिका करणारी गायिका आजारी पडली आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या सेराफीनने ती भूमिका कॅलासच्या गळ्यात घातली. शेवटच्या ब्रुनहिल्डनंतर तिसऱ्या दिवशी ती एल्व्हीरा म्हणून उभी राहिली. दोन टोकांचे आवाज एकाच गळ्यात, हा चमत्कार होता, आणि त्याने विस्मृतीत गेलेले कितीतरी इटालियन ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आले. पण बिलही आलेच. २ जानेवारी १९५८ रोजी रोममध्ये राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना पहिल्या अंकानंतर तिने प्रयोग सोडला, आणि जुलै १९६५ मध्ये लंडनला ‘तोस्का’ करून ती ऑपेरातून बाहेर पडली तेव्हा फक्त ४१ वर्षांची होती. झपाट्याने घटवलेल्या वजनाला काही जण दोष देतात. विशीत पेललेल्या अवजड भूमिका हे कारण अधिक पटते.

काहींच्या वाटेत आवाज नव्हे, कातडीचा रंग आडवा आला. मेरियन अँडरसनला मेट्रोपोलिटनचा रंगमंच मिळाला तो जानेवारी १९५५ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी. तिथे प्रमुख भूमिका गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय. सहा वर्षांनी मिसिसिपीची लिओन्टाइन प्राइस तिथे आली, चोवीस वर्षे गायली आणि १९८५ मध्ये ‘आयदा’ करून तिने ऑपेराचा निरोप घेतला, तीही ५७व्या वर्षीच.

निवृत्तीनंतर बहुतेक जणी शिकवू लागतात. पोलीन व्हियार्दोने (१८२१–१९१०) १८६३ मध्ये मुख्य रंगमंच सोडल्यावर अनेक वर्षे विद्यार्थी घडवले, स्वतः रचनाही केल्या.

मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या कुटुंबातील पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनला शिकून सोप्रानो म्हणून नाव मिळवले. जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्यासाठी अनेक रचना केल्या. १९९२ मध्ये टॅव्हनर यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’मध्ये शीर्षक भूमिका त्यांचीच होती. गिरगावजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस दोन दशकांहून अधिक काळ बंद राहून ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडले, ते त्यांच्या गाण्याने. भारतातील तरुण गायकांना पाश्चात्त्य गायकी शिकवण्याचे कामही त्या करतात.