डाकीण ठरवणे (खान्देश)

एखाद्या बाईच्या नजरेने वा करणीने माणसे आजारी पडतात, गुरे मरतात असे मानून गावाने तिला ‘डाकीण’ म्हणून जाहीर करण्याची प्रथा. खान्देशात ती मुख्यतः सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव भागांतल्या आदिवासी वस्त्यांत आढळते.

सुरुवात बहुधा आजारपणाने होते. मूल तापाने दगावते, बाळंतीण जाते. या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. हा रक्तदोष आईबापांकडून मुलांत उतरतो, म्हणून एकाच घरात दुखणी आणि मृत्यू फिरून फिरून येतात. दवाखाना लांब, कारण समजावून सांगणारे जवळ कोणी नाही. मग ‘बाहेरचं आहे’ असे कोणीतरी म्हणते आणि घरचे भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जातात. भगत धान्याचे दाणे पाहून कारण सांगतो. पुष्कळदा तो नाव घेतच नाही, घराची दिशा किंवा एखादी खूण तेवढी सांगतो. नाव गाव घेते.

कोणाचे घ्यायचे, हे बऱ्याचदा आधीच मनात असते. नवऱ्यामागे एकटीने जमीन कसणारी विधवा, दिराला वाटा सोडून न देणारी, बांधावरून भांडलेली, पंचांना उलट बोललेली. तिची जमीन मोकळी व्हावी असे वाटणारा माणूस अनेकदा भाऊबंदांतलाच निघतो. आळ आला की सुटकेची वाट उरत नाही. ती नाही म्हणाली, तर ‘डाकीण कधी कबूल करते का?’ गप्प राहिली, तर तीच कबुली. भगताच्या शब्दावर शंका घेणाऱ्याला ‘तू तिची बाजू का घेतोस?’ असे विचारतात, आणि ज्यांना खरे काय ते कळते तेही मान खाली घालतात. पुढे मारहाण होते, गावाबाहेर काढतात. खूनही झालेले आहेत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. अडचण साक्षीची. साक्षीदार त्याच गावचा, पाणी त्याच विहिरीचे. तक्रार करणारी बाई तोवर माहेरी किंवा दूरच्या नातलगाकडे दिवस काढते, आणि तिचे शेत दुसराच कोणी पेरतो.